एका हाताचा चाप

निरवांगी
८ जुलै २०२४

चि. सोनलला सिंधुमावशीचा आशीर्वाद.

अक्षर बगून दचकू नको. डाव्या हाताचं हाय. उजवा फेब्रुवारीत कडबाकुट्टीत गेला ते तुला ठावं हाय, तू दवाखान्यात यिऊन रडून गेलीस. व्यायामाच्या बाईनं सांगितलं, रोज पानभर लिवत जा, डावा हात वळंल. आदी नुसतं गावाचं नाव लिवत बसले. मग म्हणलं, लिवायचंच हाय तर कामाचं लिवावं. फोन करता आला असता, पर घर दोन खोल्यांचं आनि गोष्ट मोठ्यानं बोलायची न्हाय.

गोष्ट परकराच्या नाडीची हाय.

बाई गं, नाडीला दोन हात लागत्यात हे माज्या कदी ध्यानात सुदिक आलं न्हवतं. बाकीचं हळूहळू जमवलं. भाकरी एका हातानं थापते, वाकडी व्हती पर फुगती. शेळी पिळते. झंपराला फुडून टिचबटणं लावून घेतली, ती लागत्यात. निऱ्या दातात धरून घालते. पर नाडी दातानं बांधायची म्हणली तर दात कमरंपतोर पोचत न्हाईत. रोज सकाळी मी न्हाणीच्या दारात परकर धरून उभी, आनि सून वैष्णवी यिऊन गाठ मारती. ती कदी तोंड वाकडं करत न्हाय. मलाच कसंतरी व्हतं.

इलॅस्टिक घालून बगितलं. निऱ्या खोचल्या की वजनानं खाली येतंय. चिकटपट्टी लावली. वाकलं की टर्रकन उघडती आनि घरातली सगळी वळून बगत्यात.

तू शाळंचे ड्रेस शिवतीस. ल्हान पोरींच्या स्कर्टाला खांद्यावरनं गॅलिस असत्यात, त्याला खाली चाप असतो. तसा एका हातानं लागंल आनि एका हातानं निघंल असा चाप मिळंल का? मिळत नसंल तर करता यील का? तुजा दीपक कारखान्यात साचे करतो म्हणं.

कुणाला बोलू नको. म्हस्कू रोज टेम्पोतनं डाळिंब घिऊन बारामतीच्या मार्केट यार्डात येतो. त्याच्याकडं चिठ्ठी देते. उत्तर त्याच्याकडंच दे.

तुजी मावशी
सिंधुबाई

•

बारामती
१५ जुलै

ती. सिंधुमावशीस सोनलचा नमस्कार.

तुझं अक्षर बघून दचकले नाही, थक्क झाले. पाच महिन्यांत डाव्या हाताने पानभर लिहितेस आणि त्यात मला हसवतेस! दीपकने चिठ्ठी दोनदा वाचली. (त्याला सांगावंच लागलं, रागावू नकोस. पत्र्याचं आणि स्प्रिंगचं काम त्याचं.)

चिठ्ठी आल्यावर मी दुकानाचं दार लावून उजवा हात ओढणीने पाठीशी बांधला आणि परकर नेसायला गेले. नाडी हातात, परकर पायात. शेवटी खाली बसून राहिले. तू हे रोज करतेस आणि वर भाकरीही थापतेस.

सोबत दोन जोड गॅलिस पाठवते. आमच्याकडे लागतात तेच आहेत, फक्त पट्टे तुझ्या उंचीचे केलेत. दप्तरासारखे खांद्यावर घालायचे, वरून झंपर, आणि खाली चाप परकराच्या नेफ्याला लावायचे. नेफ्यात सैल इलॅस्टिक राहू दे, म्हणजे परकराचं वजन खांदे घेतील आणि कंबर मोकळी राहील. चाप कसा वागतो ते मला अगदी खरं कळव. बरं वाटावं म्हणून चांगलं लिहू नकोस.

तुझी
सोनल

•

निरवांगी
२९ जुलै

चि. सोनलला आशीर्वाद.

खरं लिव म्हणलीस म्हणून लिवते. तुजा चाप कुत्र्यावाणी हाय. एकतर तोंड उघडत न्हाय, आनि उघडून धरला तर सोडत न्हाय. त्याला एका हातानं दाबायचं तर दुसऱ्या हातानं कापड ताणून धरावं लागतंय. मी उरलेल्या कोपरानं कापड पोटाशी दाबलं, डाव्यानं चाप दाबला, लागला! तवा लई आनंद झाला. मग निघंना. वडला तर दातांनी नेफाच फाटला. मग हाक मारली वैष्णवीला.

पर गॅलिसाची युगत मला पटली. खांद्यावर वजन आलं की कमरंला काच न्हाय. नाडीनं माज्या कमरंला काळा वळ पडलाय ती जागा आठ दिस झाले खाजली न्हाय. तवा वाट बराबर हाय, चाप तेवढा माणसाळव.

दात नकोत. बोट लावाय जागा मोठी पायजे, अंगठ्याएवढी. आनि पाठीमागं काय ठिवू नको, तितं माजा हात पोचत न्हाय.

आनि सोनल, जमलं तर दसऱ्याच्या आत कर. लई घाई हाय असं न्हाय. पर कर.

मावशी

•

बारामती
१८ ऑगस्ट

ती. मावशीस नमस्कार.

कुत्रं माणसाळवलं! दीपकने दात घासून काढले आणि आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं. स्प्रिंग मऊ घातली. वरचा पत्रा अंगठ्याएवढा रुंद केला. मी पुन्हा हात बांधून लावून पाहिला, लागतो आणि निघतोही. मागचे पट्टे मी नेफ्याला कायमचे शिवून टाकलेत, त्यामुळे चाप फक्त पुढचे दोन.

कारखान्यातली माणसं दीपकला विचारतात, हे काय करतोस? तो म्हणतो, माझ्या मावससासूचं यंत्र. तुझी चिठ्ठी आली की तो माझ्याआधी उघडतो. परवा मला म्हणाला, "गिऱ्हाईक असावं तर असं. काय चुकलं ते नेमकं सांगतंय."

दसऱ्याला मिरवायचंय ना नवी साडी नेसून? ओळखलं मी. मिरव. तुला मिरवायचा हक्क आहे.

तुझी
सोनल

•

निरवांगी
५ सप्टेंबर

चि. सोनलला आशीर्वाद.

चाप मिळाला. बरा हाय. काळजी करू नको. दीपकरावांना सांग, कष्ट घेतले. आता फुडं काय करू नका, तुमची कामं पडली असतील.

मावशी

•

निरवांगी
९ सप्टेंबर

सौ. सोनलताईंना वैष्णवीचा नमस्कार.

तुम्ही मला लग्नात एकदाच पाहिलंय. मी सिंधुबाईंची सून. फोन केला तर आई शेजारीच असतात, म्हणून त्यांच्यासारखंच म्हस्कूदादांकडे चिठ्ठी देते. त्यांना हे कळू देऊ नका.

आईंनी तुम्हाला चाप बरा आहे असं लिहिलं असणार. बरा नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः नेसून, कुणाची मदत न घेता, दूध घालायला डेअरीवर गेल्या. हात गेल्यापासून पहिल्यांदा. मला दारातून म्हणाल्या, "बग, गाठीबिगर चालले." इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

डेअरीच्या ओट्याशी किटली खाली ठेवायला वाकल्या आणि चाप सुटला. साडीसकट परकर खाली यायला लागला. एका हातात किटली. त्यांनी किटली सोडली आणि साडी धरली. दूध सगळं ओट्यावर. रांगेत बरीच माणसं होती. म्हातारे दत्तोबा मोठ्याने म्हणाले, "अरं तिकडं बगा, ट्रॅक्टर आला," आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे वळवली. ट्रॅक्टर कुठला आलाय! तेवढ्यात आई सावरून घरी आल्या. तेव्हापासून त्या अंगणाच्या बाहेर गेलेल्या नाहीत. गॅलिस ट्रंकेत ठेवलेत.

अजून एक सांगायचंय. मला सहावा महिना आहे. पहिली वेळ, त्यामुळे दसरा झाला की माझी आई मला इंदापूरला न्यायला येणार. मी नाही म्हणाले. घरात मी सोडून बाई माणूस नाही. सकाळी आईंची नाडी कोण बांधणार? अविराज त्यांचा मुलगा, तो जीव टाकतो आईवर, पण हे काम त्याला कसं सांगणार त्या? मी राहते म्हटल्यावर आई माझ्याशी भांडल्या. म्हणाल्या, "माज्या एका गाठीसाठी तुजं माहेर तुटायचं न्हाय." त्या रात्री जेवल्या नाहीत.

ताई, त्यांना चाप स्वतःसाठी नको होता. मला जाता यावं म्हणून हवा होता. मला वाटलं, हे तुम्हाला माहीत असावं.

आपली
वैष्णवी

•

बारामती
२२ सप्टेंबर

ती. मावशीस नमस्कार.

तू चाप बरा आहे म्हणालीस, पण मला चैन पडेना म्हणून मीच तसेच दुसरे गॅलिस घालून दिवसभर दुकानात काम केलं. आणि मावशी, तो चाप खोटा आहे. उभं असेपर्यंत धरतो. वाकलं, वजन पडलं, की सोडतो. असा चाप मी तुला पाठवला याची मला लाज वाटली. ऐनवेळी जो सोडतो तो चाप काय कामाचा?

मग बरेच दिवस काही सुचेना. स्प्रिंग कडक केली की तुझ्या बोटाला उघडत नाही, मऊ केली की सुटते. दीपक म्हणाला, "यातून मार्ग नाही, हातपाय गाळायचे का?" मी म्हटलं, मावशीने गाळले का?

परवा म्हस्कूदादांना शोधत यार्डात गेले. ते डाळिंबाच्या क्रेटवरचा पट्टा आवळत होते. त्या पट्ट्याच्या चापात स्प्रिंगची ताकद काही नाहीच. आत एक लोखंडी जीभ आहे. पट्ट्यावर जेवढा ताण येईल तेवढी ती जीभ पट्ट्यात रुतते. गाडी खड्ड्यात आदळली की ती जास्तच घट्ट. आणि सोडायचं असलं की अंगठ्याने शेपटी दाबायची, झालं. मी तिथेच उभी राहून दादांना तो पट्टा चारदा लावायला आणि चारदा सोडायला लावला. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं.

दीपकने तसाच, पण बोटभर लांबीचा चाप पितळेत केला. आत जीभ आहे आणि बाहेर तिची शेपटी. मी परकराच्या नेफ्याला जाड कॅनव्हासची पट्टी शिवली आहे. ती पट्टी खालून वर चापात सरकव, जीभ आपोआप वाट देते. काही दाबावं लागत नाही. खाली ओढलं की धरते. जास्त ओढलं की जास्त धरते. काढताना शेपटी खाली दाबायची.

माणसांसमोर जाण्याआधी घरात हवा तेवढा छळ कर याचा. घाई करू नकोस असं मी म्हणणार नाही. मीच घाई करतेय. दसऱ्याला अजून वीस दिवस आहेत.

तुझी
सोनल

•

निरवांगी
२ ऑक्टोबर

चि. सोनलला आशीर्वाद.

तुला वैष्णवीनं कळवलं. न्हाय म्हणू नको. तू 'वाकलं की सोडतो' लिवलंस तवाच वळखलं. पर तू मला त्या दिसाचं एका शब्दानं इचारलं न्हाईस, चूक सगळी चापावर घातलीस. लई शानी हायेस. तुज्या आईवर गेलीस.

आता माजं मीच सांगते. त्या दिशी मी घरी आले आनि ठरवलं, संपलं. रोज चार वाजता दत्तोबा दारावरनं जाताना हाक मारायचे, "सिंधुबाई, दूध आज कोण आणतंय?" मी आतनंच म्हणायची, सून. ते दुसरं काय बोलले न्हाईत. पर रोज हाक मारायचे.

तुजा नवा चाप आला तवा मी त्याला हात लावला न्हाय. वैष्णवीनं तो पट्टीला लावून आढ्याला टांगला आनि खाली ज्वारीची पायली बांधली. मग दोन पायल्या. मग ती पोटुशी बाई सोता लोंबकळाय निघाली! मी वराडले तवा हसाय लागली. म्हणली, "आई, पट्टी फाटंल पर ह्यो सोडायचा न्हाय." मग मी उठले.

घरात रोज घालते. वाकून झाडलं, बसून भाजी निवडली, शेळीच्या मागं पळाले. सोडत न्हाय. जीभ कशी धरती ते मी आता डोळे मिटून सांगंन. असलं डोस्कं तुमा दोघांना दिलं त्याचं मला नवल वाटतंय.

पर खोट हाय. दोन सांगते. एक, खाली बसलं की चापाची शेपटी बरगडीला टोचती, तितं गोलवा दे. दुसरी मोठी. दोन चाप दोन बाजूला हायेत. डाव्या हातानं डावीकडचा लावाय मनगाट उलटं करावं लागतंय, आनि उजवीकडचा नीट दिसत न्हाय. दोन्ही चाप मधी आण, बेंबीच्या अल्याड पल्याड. तितं माजा हात सरळ जातो आनि डोळ्यालाबी दिसतंय. तुमी दोन हातवाली माणसं दोन बाजूंचा इचार करता. मला मधलंच सोपं.

हे झालं की वैष्णवीला घालवते. तिची आई दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी येती हाय. सून अजून न्हाय म्हणती. मी तिला म्हणलंय, सकाळी मला नेसताना बग आनि मग बोल.

मावशी

•

बारामती
८ ऑक्टोबर

ती. मावशीस नमस्कार.

दोन्ही चाप मध्ये घेतले, शेपटी गोल केली. इतके महिने मी हात बांधून पाहतेय, पण संध्याकाळी सोडतेच ना तो. 'दोन हातवाली माणसं' हे दीपकने खडूने त्याच्या कामाच्या टेबलावर लिहून ठेवलंय.

तीन परकरांना पट्ट्या आणि गॅलिस शिवून पाठवलेत. घरात घाल, डेअरीला घाल, आणि एक ठेवणीतला.

कळव गं. वाट पाहते.

सोनल

•

निरवांगी
१४ ऑक्टोबर

चि. सोनलला आशीर्वाद.

काल वैष्णवी गेली.

सकाळी तिची आई आली तवा मी न्हाणीत हुते. वैष्णवी सवयीनं दाराशी उभी. आतनं म्हणलं, थांब, यिऊ नको. गॅलिस घातले, झंपर घातला, पट्टी सरकवली, एक. दुसरी सरकवली. साडी गुंडाळली, निऱ्या दातात, खोचल्या. बाहेर आले. ती माज्या कमरंकडं बगती हाय, मग तोंडाकडं. मी म्हणलं, "वड." तिनं वडलं. म्हणलं, "जोरात वड गं." मी हालले, परकर हालला न्हाय.

मग ती रडली. तिची आई म्हणाली, रडती काय, चल. पिशवी भरलेलीच हुती. पोरीनं कवाच भरून खाटंखाली ठिवलेली, मला ठावं न्हवतं.

त्यांची जीप गेल्यावर मी किटली उचलली आनि डेअरीवर गेले. त्याच ओट्याशी वाकले. दत्तोबा हुते. मापाच्या पोराला म्हणले, "अगुदर बाईंचं घे."

घर मोकळं वाटतंय. पर चांगलं मोकळं.

दीपकरावांना माज्या हातचं थालीपीठ खायला घिऊन ये. एका हातचं.

मावशी

•

इंदापूर
१९ डिसेंबर

चि. सोनलला आशीर्वाद.

हे दवाखान्यातनं लिवते, म्हणून कागूद औषधाच्या दुकानातला हाय. वैष्णवीला परवा मुलगी झाली. दोघी खुशाल. अविराजनं फोनवर तुला सांगितलंच असंल. पर त्यानं जे सांगितलं नसंल ते मी लिवते.

बाळ आडवं हुतं, शिजर करावं लागलं. वैष्णवीच्या आईला आदल्या दिशीच ताप भरला, तिला दवाखान्यात येऊ देईनात. बाळंतिणीजवळ बाई माणूस पायजे. अविराजचा फोन आला, रडकुंडीला आलेला. "आई, आता कुणाला बोलवू?" मी म्हणलं, मी येते. तो म्हणला, "तू कशी येशील एकटी? तितं तुजं कोण करंल?" म्हणलं, माजं मी करते. दोन परकर पिशवीत टाकले आनि यष्टीत बसले. हाताच्या दवाखान्यातनं घरी आल्यापास्नं गावाबाहेर रात काढली न्हवती. आता दोन काढल्या.

काल वैष्णवीला पयल्यांदा उठवून चालवाय सांगितलं. नर्सबाई म्हणली, परकर घाला, पर नाडी टाक्यावर यिऊ देऊ नका, ढिली बांधा. ढिली बांधली तर दोन पावलात खाली येई. आवळली की पोरगी कळवळायची. वर बांधावं तर पान्हा भरलेला. बाळ तिकडं रडतंय, ही भिंतीला धरून उभी, एका हातानं परकर धरलेला. आनि तोंड तसं, जसं माजं असायचं न्हाणीच्या दारात.

मी पिशवीतला माजा ठेवणीतला परकर काढला. तिला म्हणलं, हात वर कर. गॅलिस तिच्या खांद्यावर चढवले. खाली बसले, पट्ट्या सरकवल्या, एक, दोन. टाक्याला कशाचा सुदिक धक्का न्हाय. ती म्हणली, "आई, काय लागतच न्हाय." दोन्ही हात मोकळे झाले तिचे. मी बाळ उचलून तिच्या हातात दिलं आनि ती व्हरांड्याच्या टोकापतोर चालत गेली, आनि परत आली.

सगळा वॉर्ड बगत हुता. शेजारच्या खाटंवरची बाई, तिचंबी शिजर झालंय, म्हणली, मावशी हे कुठं मिळतं? नर्सबाईनं चाप उलटापालटा करून बगितला, दाबून बगितला, म्हणली, "कुण्या कंपनीचं हाय?"

मी म्हणलं, कंपनीचं न्हाय. माज्या भाचीनं केलंय. बारामतीला असती.

तू हितं असतीस तर तुला दाखवलं असतं, मी कशी म्हणले ते.

पिशवीतला दुसरा शेजारचीला देते म्हणाले. माज्या अंगावरला एक हाय, तेवढा मला पुरतो. तुजं जमंल तसं चार जोड म्हस्कूकडं दे, तो फुडल्या शुक्रवारी इकडं येतोय. बाळ जागं झालं, थांबते.

तुजी मावशी